एका नावावर एकच माणूस : आमच्या सीए ऑफिसातलं युजरलॉक

विंडोज सर्व्हर विकणारा माणूस एक गोष्ट सांगत नाही. त्यावर तुम्ही वीस जणांची वीस खाती काढा, पासवर्ड ठरावीक दिवसांनी बदलायला लावा, रात्री आठनंतर लॉगिन बंद करा, अमक्याने अमक्याच मशिनवर बसायचं असंही ठरवा; सगळं होतं. पण एका नावाने एका वेळी एकाच ठिकाणी लॉगिन व्हावं, एवढं साधं बंधन घालायला गेलात तर त्यासाठी टिक करायला जागाच सापडत नाही. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे ही खाती सांभाळणारी विंडोजची यादी, विंडोज 2000 बरोबर आली. तेव्हा ती सोय नव्हती आणि इतक्या आवृत्त्या येऊन गेल्या तरी आजही नाही.

मला हे जास्त खुपतं, कारण मी मुळात नॉव्हेलचा माणूस. नव्वदच्या दशकात डिचोली भागातल्या एका खाण कंपनीच्या ऑफिसात नॉव्हेल कंपनीचं नेटवर्क सॉफ्टवेअर, नेटवेअर 3.12, होतं. त्यातला खात्यांचा प्रोग्राम सिसकॉन उघडायचा, युजरच्या अकाउंट रिस्ट्रिक्शन्समध्ये जायचं, 'लिमिट कॉन्करंट कनेक्शन्स'समोर येस, त्याखाली 'मॅक्सिमम कनेक्शन्स'समोर 1. एस्केप दाबून बाहेर. बार्जच्या फेऱ्या लिहिणारा कारकून दुसऱ्या मशिनवर त्याच नावाने बसायला गेला की सर्व्हर त्याला आतच घेत नसे. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतील असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आम्ही हसलो असतो. 2012 साली खाणी बंद पडल्या, ऑफिसचा पसारा आवरला गेला, आणि मी पणजीत अठरा जून रस्त्याजवळच्या एका सीए फर्मचं नेटवर्क बघायला लागलो. इथे सगळा विंडोजचा कारभार. त्या सिसकॉनमधल्या एका ओळीच्या जागी आता आम्ही युजरलॉक नावाचं सॉफ्टवेअर विकत घेतलं आहे, आणि बरेच दिवस वापरून झाल्यावर त्याबद्दल लिहितो आहे. ज्यांच्या ऑफिसात डोमेन आहे, म्हणजे सगळ्या मशिनांची खाती एकाच सर्व्हरवरून चालतात, आणि पासवर्ड चिठ्ठीवर फिरतात, त्यांच्यासाठी.

एका नावाने दोघं बसले तर बिघडलं कुठे, असं आमच्या सरांनी सुरुवातीला विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. पैसे त्यांचे जाणार होते.

आमचं काम असं चालतं. टॅली पणजीतल्या सर्व्हरवर. पणजीची माणसं आपल्या डेस्कटॉपवरून, म्हापशाची आणि फोंड्याची व्हीपीएनवरून (इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कात येणारा खाजगी रस्ता), सगळी रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे सर्व्हरची स्क्रीन आपल्या मशिनवर उघडून, त्या एकाच सर्व्हरवर येतात. आर्टिकलची, म्हणजे सीए होण्यासाठी प्रशिक्षण घेणारी, मुलं येतात आणि जातात. आता तर आर्टिकलशिप दोनच वर्षांची झाल्याने एक बॅच रुळते न रुळते तोच दुसरी दारात. नवीन मुलाचं खातं निघेपर्यंत त्याला कुणाचा तरी पासवर्ड दिला जातो, आणि खातं निघालं तरी तो जुनाच वापरतो, कारण सगळ्या क्लायंटचे फोल्डर त्या नावाला उघडे असतात. पासवर्ड देणं हा आमच्याकडे शेजारधर्म आहे. नाही म्हटलं तर माणूस फुगतो.

त्यात चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. टॅक्स ऑडिटची तारीख 30 सप्टेंबर, आणि चवथ येते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, नेमकी त्याच्या तोंडावर. गोव्यातलं कुठलंही ऑफिस त्या दिवसांत रिकामं होतं. कुणी वाळपईला, कुणी पेडण्याला, कुणी काणकोणला. घरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधता बांधता फोन येतो, "तुझा पासवर्ड काय रे, त्या हॉटेलवाल्याचं बॅलन्सशीट तुझ्याकडे आहे." सांगून टाकतात. मग पणजीत एक जण त्या नावाने बसलेला, आणि संध्याकाळी आरती आटोपल्यावर मूळ मालक गावातून व्हीपीएनने त्याच नावाने आत येतो. दोघंही त्याच क्लायंटच्या नोंदी हलवतात.

सरांचं मत बदललं ते कायद्यामुळे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांनी हिशेबासाठी वापरायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल हवी, प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहायला हवी आणि ती सोय बंद करता येता कामा नये, असा नियम लागू झाला. ती वर्षभर चालू होती की नाही यावर ऑडिटरला आपल्या अहवालात लिहावं लागतं. म्हणजे आमची माणसं क्लायंटकडे जाऊन विचारणार, ही एन्ट्री कोणी बदलली? एडिट लॉगमध्ये युजरचं नाव दिसतंय, पण त्या नावाने बसलं कोण होतं? आणि आमच्याच ऑफिसात 'ऑडिट1' हे नाव एका वेळी चार स्क्रीनवर उघडं. मी सरांना ती यादी सर्व्हरवर 'क्वेरी युजर' ही कमांड चालवून दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि कोटेशन मागवा म्हणाले.

कोटेशन मागवण्याआधी फुकटचे उपाय झालेच होते. ते सांगतो, कारण तुमचा संगणकवाला तुम्हाला आधी तेच सुचवेल.

पहिला उपाय विंडोज एनटीच्या काळापासून चालत आलेला. प्रत्येक युजरसाठी सर्व्हरवर एक लपवलेला शेअर (नेटवर्कवरून उघडणारं फोल्डर) काढायचा, त्याची युजर लिमिट 1 ठेवायची, आणि लॉगिन स्क्रिप्टमध्ये तो शेअर ड्राइव्ह म्हणून जोडायचा. जोडला गेला नाही तर याचा अर्थ हे नाव आधीच कुठे तरी आत आहे. स्क्रिप्ट त्याला लॉगऑफ करते. डोकं छान चालवलं आहे, पण पावसाळ्यात हे टिकत नाही. जूनमध्ये वीज एक झटका देते, मशिन बंद पडतं, पण सर्व्हरला वाटतं जोडणी अजून आहे. फाइल उघडी नसेल तर सर्व्हर अशी सुस्त जोडणी 15 मिनिटांनी सोडतो, तोवर माणूस बाहेर ताटकळत. फाइल उघडी राहिली असेल तर आणखी घोळ. शिवाय स्क्रिप्टची काळी खिडकी वेळेत बंद केली की सुटका होते हे आर्टिकलच्या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही.

दुसरा, मायक्रोसॉफ्टचाच. विंडोज 2000च्या रिसोर्स किटात सीकनेक्ट होतं, मग सर्व्हर 2003च्या काळात लिमिटलॉगिन आलं. लिमिटलॉगिनला आयआयएस या मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरवर चालणारी वेब सर्व्हिस हवी, डिरेक्टरीत वेगळं पार्टिशन हवं, लॉगिन-लॉगऑफच्या स्क्रिप्टा हव्यात. एवढं करून मायक्रोसॉफ्टची जबाबदारी शून्य. इंटरनेटवर त्याचं नाव अजून सापडतं म्हणून सांगतो: आजच्या सर्व्हरवर त्याच्या नादी लागू नका.

तिसरा उपाय ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्या मशिनांना लावायच्या नियमांत, आहे आणि तो फसवा आहे. रिमोट डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये 'एका युजरला एकच सेशन' अशी पॉलिसी आहे; सेशन म्हणजे लॉगिनपासून लॉगऑफपर्यंतची एक बैठक. वाचून वाटतं की झालं काम. पण ही पॉलिसी दुसऱ्याला अडवत नाही, पहिल्याचं चालू सेशन उचलून दुसऱ्याच्या हातात देते. म्हापशाची मुलगी व्हाउचर टाकते आहे, तेवढ्यात पणजीत कुणी त्याच नावाने लॉगिन केलं की तिची स्क्रीन जाते आणि अर्धवट व्हाउचर पणजीवाल्यासमोर उघडतं. ती पुन्हा लॉगिन करते, आता पणजीवाला बाहेर. दोघांनाही वाटतं नेट गेलं. मग दोघंही मला फोन करतात. एकाच माणसाने घरून आपलं राहिलेलं काम पुढे उचलावं यासाठी ही पॉलिसी उत्तम आहे, आणि बहुधा त्यासाठीच केलेली आहे. पासवर्ड वाटून घेणाऱ्या ऑफिसासाठी नाही. आणि डेस्कटॉपवरच्या लॉगिनशी तर तिचा काही संबंधच नाही.

विंडोजला हे का जमत नाही, तेही थोडक्यात. लॉगिन करताना डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेनची यादी सांभाळणारा सर्व्हर, तुमचा पासवर्ड तपासतो आणि कर्बेरॉस या ओळख पटवायच्या पद्धतीचं तिकीट देतो, नेहमीच्या सेटिंगमध्ये 10 तासांचं. तिकीट दिलं की त्याचं काम संपलं. तुम्ही लॉगऑफ केलं, मशिन बंद केलं, प्लग ओढला, तरी त्याला कुणी कळवत नाही. कंट्रोलर दोन असतील तर एकाने कोणाला तिकीट दिलं हे दुसऱ्याला ठाऊक नसतं. आत कोण आहे हेच ज्याला माहीत नाही तो मोजणार काय? सिक्युरिटी लॉगमध्ये 4624 म्हणजे आत आला, 4634 म्हणजे गेला, अशा नोंदी पडतात, पण प्रत्येक मशिनवर वेगळ्या, आणि फाइल शेअरला हात लावला तरी 4624 पडतो. त्यातून हजेरी काढायची तर एक माणूस त्याच कामाला लावायला हवा.

युजरलॉकने हीच उणीव भरून काढली आहे. आयएस डिसिजन्स ही फ्रान्समधली कंपनी ते बनवते. तुमच्या एखाद्या सर्व्हरवर त्याची सर्व्हिस बसवायची; तो डोमेन कंट्रोलरच हवा असं नाही. डिरेक्टरीच्या स्कीमाला, म्हणजे तिच्या मूळ आराखड्याला, ते हात लावत नाही, ही गोष्ट मला सगळ्यात आधी आवडली, कारण स्कीमा बदलला की तो परत पूर्वीसारखा करता येत नाही. मग कन्सोलमधून प्रत्येक मशिनवर एक छोटा एजंट चढवायचा. पासवर्ड तपासायचं काम विंडोजचंच राहतं. ते झाल्यावर एजंट सर्व्हिसला विचारतो, याला आत घेऊ का? सर्व्हिस आपली वही बघते आणि हो किंवा नाही सांगते.

एजंट चढवताना आमच्याकडे काही मशिनं दाद देईनात. यात कोडं काही नव्हतं, त्या मशिनांच्या फायरवॉलने सर्व्हरचा रस्ता अडवला होता. ग्रुप पॉलिसीने तो मोकळा केला. हे काम रविवारी करा. सोमवारी सकाळी जीएसटीच्या गडबडीत केलंत तर शिव्या खाल.

आता खरी गोम. नियम ठरवायला बसलो तेव्हा सरांनी सोपं सांगितलं, "प्रत्येकाला एक." एक म्हणजे एक काय? आमचा माणूस सकाळी डेस्कटॉपवर लॉगिन करतो, ते एक सेशन. मग तिथून रिमोट डेस्कटॉपने टॅलीच्या सर्व्हरवर जातो, ते दुसरं. माणूस एक, खुर्ची एक, सेशनं दोन. सरांच्या म्हणण्याप्रमाणे एकूण मर्यादा एकवर ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी कुणालाच टॅली उघडता आलं नसतं. दोन ठेवावी, तर एक जण डेस्कटॉपवर आणि दुसरा घरून थेट टॅलीवर, हेही दोनच भरतात. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच राहून जातं.

युजरलॉकमध्ये यावर 'इनिशियल अ‍ॅक्सेस पॉइंट' नावाची मोजणी आहे. माणूस नेटवर्कमध्ये पहिल्यांदा जिथून शिरला ते एक दार. त्या दारातून आत आल्यावर तो पुढे कुठल्या सर्व्हरवर गेला ते नव्या दारात धरलं जात नाही. आम्ही दारांची मर्यादा एक ठेवली. शिवाय वर्कस्टेशन (डेस्कटॉपवरचं) सेशन एक आणि टर्मिनल (रिमोट डेस्कटॉपचं) सेशन एक. आता डेस्कटॉपवरून टॅलीत जाणारा जातो. पण तो पणजीत बसलेला असताना त्याच्या नावाने कुणी फोंड्याहून शिरायला गेलं, तर ते दुसरं दार, तिथेच अडतं. माझ्या दृष्टीने या सॉफ्टवेअरचे निम्मे पैसे या एका मोजणीचे आहेत. नॉव्हेलकडेही हे नव्हतं. अर्थात तेव्हा असं एका मशिनमधून दुसऱ्यात बसायची पद्धतही नव्हती.

नियम माणसागणिक लावता येतात, ग्रुपला लावता येतात, डिरेक्टरीतल्या ओयूला, म्हणजे तिच्यातल्या एखाद्या विभागाला, लावता येतात. ग्रुपलाच लावा. आम्ही 'आर्टिकल', 'स्टाफ', 'पार्टनर' असे तीन ग्रुप केले आणि नवीन मुलगा आला की त्याला ग्रुपमध्ये टाकून मोकळे होतो. वेळेचं बंधन, मशिनचं बंधन, आयपी पत्त्याचं बंधन हेही त्याच पानावर आहे. आम्ही आर्टिकलना फोंड्याच्या मशिनवरून पार्टनरच्या फोल्डरवाल्या सर्व्हरवर जायला बंदी केली, बाकी वेळेचं बंधन ठेवलं नाही. सप्टेंबरमध्ये रात्री अकराला काम करणाऱ्या मुलाला सर्व्हरने घरी जा म्हणावं, हे आमच्या धंद्यात परवडत नाही.

अडवल्यावर काय होतं, हे बघायला मी मुद्दाम एका मशिनपाशी उभा राहिलो. विंडोजचा नेहमीचा स्वागताचा पडदा येतो, क्षणभर थांबतो, आणि एक चौकट समोर येते: तुमची मर्यादा भरली आहे, तुमचं सेशन अमुक मशिनवर उघडं आहे. मशिनचं नाव तिथे दिसणं फार मोलाचं आहे. आम्ही मशिनांना पीसी07 अशी नावं न देता 'म्हापसा-खिडकी', 'पणजी-झेरॉक्स' अशी दिली आहेत, अर्थात इंग्रजी अक्षरांत. त्यामुळे माणूस मला फोन न करता सरळ झेरॉक्स मशिनशेजारच्या टेबलाकडे बघतो. चौकटीतला मजकूर आपल्याला बदलता येतो; त्यात मी माझा एक्स्टेन्शन नंबर घातला आहे.

आणि एक पर्याय देता येतो: मर्यादा भरली असेल तर युजरने स्वतःच आपलं जुनं सेशन बंद करून इथे आत यावं. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर 'ड्युअल लॉगिन डिटेक्टेड' येतं आणि 'लॉगिन हिअर' दाबलं की पुढे जाता येतं, तशीच रीत. स्टाफला आम्ही हा पर्याय दिला, आर्टिकलना नाही. कारण सांगतो. स्टाफमधला माणूस म्हापशाला मशिन उघडं ठेवून पणजीला मीटिंगला येतो, त्याला प्रत्येक वेळी माझी वाट बघायला लावण्यात अर्थ नाही. आर्टिकलच्या बाबतीत मात्र उसना पासवर्ड घेतलेला मुलगा बिनधास्त मालकालाच बाहेर काढेल आणि पुन्हा तो मघाचा लपंडाव. जुनं सेशन बंद करताना त्यात न साठवलेलं एक्सेल असेल तर ते जातं, हेही स्टाफला आधी बजावून ठेवा.

कागदावरचा नियम माणसांना कसा बोचतो, ते बघण्यासारखं असतं. आमच्या जुन्या अकाउंटंट बाई दोन मशिनं लावून बसायच्या, दोन्हीवर आपल्याच नावाने. एकीवर टॅली, दुसरीवर जीएसटी पोर्टल, आकडा बघायचा आणि टाकायचा. नियम लागू झाला त्या सकाळी दुसरं मशिन अडलं आणि त्या सरळ सरांच्या केबिनमध्ये. तक्रार शंभर टक्के बरोबर होती. त्यांना दोन लॉगिन नको होते, दोन पडदे हवे होते. दुसरा मॉनिटर आणून पहिल्याच मशिनला जोडला. आता त्या इतर सगळ्यांना सांगतात की दोन मॉनिटर मागून घ्या. स्टाफची गरज आधी नीट विचारून घेतली तर यातल्या बऱ्याच जणांचं काम एका केबलवर भागतं.

सरांचं वेगळं. केबिनमधला डेस्कटॉप आणि बॅगेतला लॅपटॉप, दोन्ही कायम उघडे. पार्टनर ग्रुपला दोन दारं दिली. तत्त्वाला धरून नाही, पण नोकरी मला अजून करायची आहे.

चवथीसाठी एक सोय हाताशी आली ती म्हणजे तात्पुरता नियम. अमुक युजरला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वेगळी मर्यादा, मुदत संपली की आपोआप जुनी लागू. गावाहून काम करतो म्हणणाऱ्याला तेवढ्याच दिवसांसाठी व्हीपीएनचं दार उघडायचं आणि पणजीतलं बंद ठेवायचं. म्हणजे तो पेडण्यात असताना त्याच्या पणजीतल्या मशिनवर त्याच्या नावाने कुणी बसत नाही. पासवर्ड विचारणारे फोन या हंगामात जवळपास थांबले, कारण पासवर्ड मिळूनही उपयोग नाही हे कळलं. क्लायंटचं काम दुसऱ्याकडे द्यायचं तर फोल्डरची परवानगी दुसऱ्याला द्या, हे जे मी इतकी वर्षं कानीकपाळी ओरडत होतो ते एकदाचं झालं.

आपल्या नावाने दुसरीकडून कुणी प्रयत्न केला तर मूळ माणसाच्या स्क्रीनवर सूचना येते, ही सोय चालू ठेवा. आमच्याकडे एकदा ती आल्यावर एक मुलगा उठून पूर्ण ऑफिसला विचारत सुटला, "माझ्या नावाने कोण रे?" एवढ्या उघड चौकशीनंतर दुसऱ्यांदा कुणी हिंमत करत नाही. माझ्या मेमोपेक्षा हे जास्त लागू पडलं.

रिपोर्ट भरपूर आहेत, मी त्यातले दोनच बघतो: आत्ता आत कोण आहे, आणि कोणाला का अडवलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 सालच्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस सांभाळायचे असतात, त्यासाठी मी लॉगिनचा इतिहास एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये ठेवला आहे. लॉगिनसोबत मोबाइलवरच्या कोडची दुहेरी तपासणीही यातच होते. आम्ही ती फक्त व्हीपीएनने येणाऱ्यांना लावली.

आता हे काय करत नाही. एजंट नसलेल्या मशिनवरचं लॉगिन त्याला दिसत नाही. टॅली सर्व्हरवर एजंट असल्यामुळे घरच्या लॅपटॉपवरून रिमोट डेस्कटॉपने आलेला माणूस मोजला जातो, पण तो लॅपटॉप स्वतः मोजला जात नाही. डोमेनच नसेल, चार मशिनं नुसती वर्कग्रुपमध्ये असतील, तर हे घेऊ नका. त्या दुकानाला याची गरजही नाही. टॅलीच्या आतलं युजरनेम वेगळं असतं, ते वाटून घेतलं तर युजरलॉक काही करू शकत नाही. तिथे टॅलीतच प्रत्येकाचं नाव वेगळं काढा. जीएसटी पोर्टलचे क्लायंटचे पासवर्ड ज्या वहीत लिहिलेले असतात त्या वहीवरही त्याचा अंमल नाही. आणि कुणी मशिन उघडं टाकून भाजी-पाव खायला गेला आणि शेजारचा त्याच्या खुर्चीत बसला, तर सेशन एकच, माणूस दुसरा. त्यासाठी दहा मिनिटांनी स्क्रीन लॉक होईल अशी पॉलिसी लावली. वीज अचानक गेली की कुठल्याही एजंटला सर्व्हरला निरोप द्यायला वेळ मिळत नाही, म्हणून शाखांतल्या प्रत्येक मशिनला छोटा यूपीएसही लावून घेतला.

लिनक्सवाले इथवर वाचत आले असतील तर गालात हसत असतील. आमच्या बॅकअपच्या लिनक्स मशिनवर हेच काम 'लिमिट्स डॉट कॉन्फ' या फाइलमध्ये एका ओळीत झालं आहे: युजरचं नाव, हार्ड, मॅक्सलॉगिन्स, 1. रूटला, म्हणजे लिनक्सच्या मुख्य खात्याला, ती ओळ लागू होत नाही, एवढं लक्षात ठेवा. वायफायसाठी फ्रीरेडियस हा लॉगिन तपासणारा सर्व्हर वापरत असाल तर तिथे 'सायमल्टेनियस-यूज' आहे. फुकट. पण टॅली तिथे चालत नाही, आणि सरांना लिनक्स शिकवायची माझी तयारी नाही.

पैशाचं. परवाना युजरच्या संख्येवर असतो, भाव परकी चलनात येतो, त्यावर आपला जीएसटी. घेण्याआधी मोफत चाचणी मिळते. ती भर हंगामात लावा, मे महिन्यात नव्हे, नाहीतर काही कळणार नाही. आणि परवान्यासाठी माणसं मोजण्याआधी डिरेक्टरी झाडून घ्या. आमच्याकडे सोडून गेलेल्या आर्टिकलची खाती जिवंत होती, 'टेस्ट', 'टेम्प', 'स्कॅनर2' अशी भुताटकी वेगळी. ती काढल्यावर आकडा चांगलाच खाली आला.

विक्रेत्याच्या अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च लॅपटॉपचा निघतो. विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही, त्याला प्रो लागते, आणि म्हापशाच्या शाखेने ऑनलाइन सेलमध्ये घेतलेले लॅपटॉप सगळे होमचे. ते प्रो करून डोमेनमध्ये आणायचे, मग त्यावर एजंट. दोघांचे झाले आहेत. उरलेल्यांचं बिल सरांच्या टेबलावर आहे, सही चवथीनंतर करतो म्हणालेत.